पाटी आपली, सामान आपलं, गाडी कुणाचीही: साध्या ब्लॉगसाठी काय निवडावं?

२०२५च्या ऑगस्टअखेरीस टाइपपॅड या जुन्या ब्लॉगसेवेनं आपल्या लेखकांना कळवलं, की ३० सप्टेंबरला सेवा बंद होणार. २००३ पासून चालू असलेली ही सेवा. कित्येकांनी तिथं वीस-वीस वर्षं लिहिलं होतं आणि आवराआवर करायला हातात जेमतेम महिना होता. ज्यांनी तेवढ्यात आपलं लिखाण उतरवून घेतलं त्यांचं राहिलं. बाकीच्यांचं पान उघडेनासं झालं.

त्याच सुमारास मामांचा फोन आला. मामा एसटीत ३२ वर्षं कंडक्टर होते. निवृत्त झाल्यापासून ते घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रस्त्यावरच्या आठवणी लिहितात. घाटात बंद पडलेली गाडी, मुक्कामी गाडीत झोपलेलं असताना टपावर वाजणारा पाऊस, बाजाराच्या दिवशी कोंबड्या घेऊन चढलेली म्हातारी. फार सुंदर लिहितात. पण सकाळी टाकलेलं दुपारपर्यंत वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गडप होतं.

"अगं, हे सगळं कुठंतरी नीट राहील असं करता येईल का?" मामा म्हणाले. "एकाला विचारलं, तर तो म्हणतो डोमेन घ्या, होस्टिंग घ्या, वर्डप्रेस टाकून देतो, वर्षाला बारा हजार. बारा हजार नेमके कशाचे, ते काही मला कळेना."

असं कोडं पडणारे मामा एकटे नाहीत. लिहायची हौस असलेली कितीतरी माणसं या तीन शब्दांपाशीच थांबतात. म्हणून त्यांना जे सांगितलं ते इथं सविस्तर लिहिते आहे.

वस्तू एक नाही, तीन आहेत

पूर्वी एसटीच्या कपाळावर लोखंडी पाटी अडकवलेली असायची. प्रवासी गाडीचा नंबर बघत बसत नाही, पाटी वाचतो आणि चढतो. वाटेत गाडी बंद पडली तर डेपोतून दुसरी येते, पाटी तिला लावतात, माणसं आपलं सामान उचलून तिच्यात बसतात. प्रवास पुढं चालू.

ब्लॉगचंही असंच आहे. पाटी म्हणजे डोमेन, लोक ब्राउझरमध्ये टाकतात ते नाव. गाडी म्हणजे होस्टिंग. तुमची पानं ज्याच्यावर ठेवलेली असतात आणि कुणी पत्ता टाकला की तिथून त्याच्या फोनवर जातात, तो चोवीस तास चालू असलेला कॉम्प्युटर. लिहायचं आणि पान मांडायचं सॉफ्टवेअरही मी गाडीतच धरते, कारण साध्या सेवांमध्ये ही दोन्ही एकत्रच मिळतात. आणि सामान म्हणजे तुमचं लिखाण, तुमचे फोटो.

विकणारे या तिन्हींची एक मोट बांधतात आणि एकच आकडा सांगतात. मामांचे बारा हजार तिथून आले. मोट सोडून प्रत्येक गोष्ट वेगळी बघितली की लक्षात येतं, यातली पाटी तेवढी विकत घ्यावी लागते, सामान आपलंच असतं, आणि साध्या ब्लॉगला पुरेल अशी गाडी बहुतेक वेळा फुकट मिळते.

लोक मात्र उलट्या क्रमानं विचार करतात. वर्डप्रेस की ब्लॉगर, हा गाडीचा वाद आधी सुरू होतो, त्यात आठवडे जातात आणि पाटी कुणाच्या नावावर झाली याकडं कुणाचं लक्षच नसतं. मी मामांना आधी पाटीपाशी बसवलं.

पाटी कुणाच्या नावावर आहे?

डॉट कॉम किंवा डॉट इन असं नाव वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आगेमागे मिळतं. डॉट इन बऱ्याचदा त्याहून स्वस्त असतं. 'विकत घेतलं' असं आपण म्हणतो खरं, पण तो असतो भाडेपट्टा. वर्षावर्षानं भरता येतो किंवा एकदम १० वर्षांपर्यंत. जाहिरातीतला '९९ रुपयांत डोमेन' हा पहिल्या वर्षाचा भाव असतो. नूतनीकरणाचा आकडा खाली बारीक अक्षरात असतो, तोच बघायचा.

हे खातं तुमच्या नावानं, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या फोन नंबरावर उघडलेलं हवं. यावर मी अडून बसते त्याला कारण आहे. एका छोट्या वाचनालयाच्या साइटवर मी दोन वर्षं पुस्तक-परिचय चढवत होते. साइट एका ओळखीच्या माणसानं करून दिली होती आणि डोमेन सोयीसाठी स्वतःच्याच नावावर घेतलं होतं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्याची नोकरी बदलली, जुनं ईमेल बंद पडलं आणि मुदत संपत आल्याच्या सूचना त्या बंद पेटीत जाऊन पडत राहिल्या. एके दिवशी एका वाचकाचा फोन आला, की वाचनालयाच्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती दिसताहेत. मुदत संपल्यावर काही आठवडे सवलतीचे मिळतात, त्यानंतर जबर दंड भरून नाव सोडवता येतं, पण तेही उलटून गेलं की ते कुणीही घेऊ शकतं. आमचं कुणीतरी घेतलं होतं. छापील पत्रिकांवर, शिक्क्यावर, वाचनालयातल्या कपाटावरच्या चिठ्ठ्यांवर सगळीकडं तोच पत्ता होता.

आपल्याकडं आणखी एक अडचण आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून आपोआप होणाऱ्या वर्गणीसाठी वेगळी नोंदणी लागते. परदेशी विक्रेत्याकडं 'ऑटो-रिन्यू' लावून निर्धास्त झालेल्या माणसाचं पेमेंट त्यामुळं अडकू शकतं. म्हणून मामांना पाच वर्षांचे पैसे एकदम भरायला लावले आणि तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात नाही, तर फोनच्या कॅलेंडरात, महिनाभर आधीच्या सूचनेसह टाकली.

२०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' अशी पाटीही मिळते. मला तिचं मनापासून कौतुक आहे. पण अजून कित्येक ठिकाणचे फॉर्म आणि ईमेलच्या व्यवस्था असा पत्ता नीट स्वीकारत नाहीत. हौस असेल तर दुसरी पाटी म्हणून घ्या, मुख्य पाटी डॉट इन किंवा डॉट कॉम ठेवा.

सामान: उद्या उघडेल असं लिहा

मराठी वाचकाला हा मुद्दा वेगळा समजवावा लागू नये, कारण आपण तो भोगलेला आहे. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षं मराठी मजकूर ठरावीक फॉन्टांच्या आधारानं टाइप होत असे. फाइलीत खरं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असत. त्यांना देवनागरीचं रूप तो फॉन्ट देई. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर तीच फाइल उघडली की कंस, टिंबं आणि उलटीसुलटी रोमन अक्षरं. कितीतरी स्मरणिका, हिशोब, कवितांची हस्तलिखितं अशी कुलूपबंद होऊन बसली आहेत.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो, मग फॉन्ट कुठलाही असो. देवनागरी त्यात १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. आज फोनवर जे मराठी टाइप होतं ते युनिकोडच, त्यामुळं ही एक चिंता मिटली. जुनं लिखाण मात्र आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मगच ब्लॉगवर चढवा.

दुसरी गोष्ट, मूळ प्रत स्वतःकडं ठेवा. ब्लॉगच्या खिडकीत थेट लिहायची सवय असते, पण ती प्रत गाडीत असते. आधी साध्या मजकुराच्या फाइलीत लिहावं, मग चिकटवावं. ज्यांना शीर्षकं, ठळक अक्षरं, दुवे हेही फाइलीतच ठेवायचे आहेत त्यांच्यासाठी मार्कडाउन आहे. जॉन ग्रुबर यांनी २००४ साली आणलेली ही लिहिण्याची साधी पद्धत आहे. शब्द ठळक हवा तर त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फुल्या, उपशीर्षक हवं तर ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह. फाइल कुठल्याही साधनात उघडते आणि डोळ्यांनीही वाचता येते.

यावर लोक म्हणतात, "ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हींत बॅकअप घ्यायची सोय आहे की." आहे, आणि ती वापरावीच. पण ती फाइल एकदा उघडून बघा. वर्डप्रेसच्या निर्यात-फाइलीत मजकूर असतो. फोटो नसतात, फोटोंचे पत्ते असतात. जुनी गाडी भंगारात गेली की ते पत्ते रिकामे. म्हणून फोटोंचं फोल्डर वेगळं जपावं लागतं.

सामान किती जड असतं, याचाही एकदा अंदाज घेऊ. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. हजार शब्दांच्या लेखात काना-मात्रा धरून सहा-सात हजार चिन्हं होतात, म्हणजे साधारण २० केबी. फोननं काढलेला एक फोटो सहज ४ एमबीचा असतो. एका फोटोच्या जागेत दोनशे लेख मावतात! मामांनी आठवड्याला एक लिहिला तर जवळजवळ चार वर्षांचं लिखाण. कुणी 'अमर्याद जागा' विकायला आला तर हा हिशोब आठवावा. जागा लिखाणाला लागतच नाही, फोटोंना लागते, आणि चढवण्याआधी फोटो लहान केला तर त्यांनाही फार लागत नाही.

गाडी: तिकिटांचा ट्रे की मशीन?

आता तो प्रश्न, ज्यावर सगळे भांडतात.

मामांनी कंडक्टरकीत दोन्ही जमाने पाहिले. आधी पत्र्याचा ट्रे होता. त्यात वेगवेगळ्या किमतींच्या छापील तिकिटांचे गठ्ठे. पैसे घेतले, तिकीट फाडलं, पंचनं भोक पाडलं, झालं. पुढं मशीन आलं. गाव निवडा, बटण दाबा, तिकीट तिथल्या तिथं छापून बाहेर. मशीन हिशोबाला फार सोयीचं. पण त्याला चार्जिंग हवं, कागदाचा रोल हवा, बिघडलं तर दुरुस्त करणारा हवा. "ट्रे कधी हँग झाला नाही," मामा म्हणाले, तेव्हा मला पुढचं समजावणं सोपं झालं.

वर्डप्रेस हे मशीन आहे. २००३च्या मे महिन्यात मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ते आणलं आणि आज जगातल्या दर पाच साइटींपैकी दोनांहून अधिक त्यावर चालतात. वाचक आला की एक प्रोग्रॅम जागा होतो, डेटाबेसमधून मजकूर काढतो, त्याला साचा चढवतो आणि पान तयार करून देतो. त्यामुळं प्रतिक्रिया, शोध, सदस्यांचा प्रवेश, दुकान, सगळं जमतं. पण प्रोग्रॅम आणि डेटाबेस दोन्ही सतत जागे आणि अद्ययावत ठेवावे लागतात. वर्डप्रेसच्या साइटी फोडल्या जातात त्या बहुतेक वेळा वर्डप्रेसच्या गाभ्यातून नाही, तर जोडीला घातलेल्या आणि मग विसरलेल्या प्लगिनांमधून, म्हणजे बाहेरच्यांनी बनवलेल्या जोडभागांमधून. स्वतःचं होस्टिंग घेऊन वर्डप्रेस चालवणाऱ्यानं महिन्यातून एकदा तरी आत जाऊन अपडेट आणि बॅकअप बघितलेच पाहिजेत. ज्याला हे जमणार नाही त्यानं ही गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथं एक घोटाळा कायम होतो. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर मिळतं ते फुकट सॉफ्टवेअर, ते आपल्या होस्टिंगवर आपण बसवायचं. वर्डप्रेस डॉट कॉम ही सेवा आहे, तिथं देखभाल ते करतात. पण तिथल्या फुकट खात्याला स्वतःची पाटी लावता येत नाही, त्यासाठी पैशांची योजना घ्यावी लागते. मालकीचा प्रश्न किती गुंतागुंतीचा होऊ शकतो हे २०२४च्या सप्टेंबरात दिसलं. मुलेनवेग आणि डब्ल्यूपी एंजिन या होस्टिंग कंपनीत वाद पेटला आणि त्या कंपनीच्या ग्राहकांना डॉट ऑर्गवरून नेहमीप्रमाणे अपडेट मिळणं अडलं. डिसेंबरात अमेरिकी न्यायालयाच्या हंगामी आदेशानं ते पूर्ववत झालं. यात साध्या ब्लॉग लिहिणाऱ्याची काहीच चूक नव्हती, पण त्याची गाडी मात्र मधल्यामध्ये अडकली.

ट्रे म्हणजे स्टॅटिक साइट. पानं आधीच तयार करून ठेवायची आणि वाचक आला की नुसती हातात द्यायची. २००८ साली आलेलं जेकिल आणि २०१३ सालचं ह्यूगो ही यातली प्रसिद्ध साधनं. तुम्ही मार्कडाउनच्या फाइली एका फोल्डरमध्ये ठेवता, साधन एका दमात सगळी पानं बनवतं आणि ती गिटहब पेजेस, क्लाउडफ्लेअर पेजेस किंवा नेटलिफाय या होस्टिंग सेवांवर फुकट ठेवता येतात. डेटाबेस नाही, त्यामुळं फोडायला फारसं काही उरत नाही. गिटहब पेजेसवर साइट १ जीबीपर्यंत चालते आणि महिन्याला १०० जीबी वाहतुकीची मर्यादा सांगितलेली आहे. एक पान फोटोसकट अर्ध्या एमबीचं धरलं तर महिन्याला दोन लाख वेळा उघडलं जाईपर्यंत ती गाठली जात नाही.

मी स्वतः ह्यूगो वापरते आणि मला ते मनापासून आवडतं. सात वर्षांत साइटकडं पाहायला म्हणून एकदाही रात्री उठावं लागलं नाही. तरीही मामांना मी ते दिलं नाही. ते फोनवर, बोलून टाइप करतात. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करा, फाइली ढकला, हे त्यांच्या रोजच्या वाटेवर नाही. गाडी कितीही उत्तम असली तरी ती आपल्या थांब्यावर थांबायला हवी.

म्हणून ब्लॉगर. १९९९ साली सुरू झालेली आणि २००३ पासून गूगलकडं असलेली ही सेवा. मराठीत ब्लॉगची पहिली मोठी लाट आली तेव्हा कितीतरी जण हिच्यावरच लिहीत होते. दिसायला जुनी आहे, नवं फारसं काही येत नाही. पण फुकट आहे, फोनवरून चालते आणि स्वतःची पाटी लावायला ती वेगळे पैसे घेत नाही. माझ्या दृष्टीनं हाच तिचा सगळ्यात मोठा गुण. मामांच्या बारा हजारांतली डोमेनची रक्कम सोडली तर बाकी सगळी वाचली.

"गूगलनं ब्लॉगर बंद केलं तर?"

हा आक्षेप रास्त आहे. गूगलनं २०१३ साली ब्लॉग वाचायचं साधन रीडर बंद केलं, २०१९ साली गूगल प्लस हे समाजमाध्यम. याहूनं २००९ साली जिओसिटीज बंद केलं तेव्हा लोकांनी हौसेनं बनवलेली असंख्य पानं गेली. ब्लॉगर कायम राहील असं मी कुणालाही सांगणार नाही.

पण तसं झालंच तर मामांनी काय करायचं, ते बघा. फाइली त्यांच्याकडं आहेत, फोटोंचं फोल्डर त्यांच्याकडं आहे. नवी गाडी बघायची, सामान चढवायचं, डोमेनच्या खात्यात जाऊन 'हे नाव आता इकडं दाखव' एवढी नोंद बदलायची. वाचकाला पत्ता तोच दिसतो. एक काळजी घ्यायची, ती म्हणजे डोमेननंतरचा भाग. ब्लॉगरच्या लेखाच्या पत्त्यात वर्ष, महिना आणि मग नाव असतं. नव्या ठिकाणी तीच रचना ठेवली तर लोकांनी जपलेले जुने दुवेही चालू राहतात. पत्ता नुसता 'ब्लॉगस्पॉट'चा असता तर यातलं काहीच करता आलं नसतं, कारण पाटी गूगलची असती.

"फेसबुकवर तर सगळे आहेतच"

आहेत, आणि मामांनी तिथं दुवा जरूर टाकावा. व्हॉट्सॲपवरही टाकावा. पण तीन वर्षांपूर्वीची तुमची एखादी चांगली पोस्ट फेसबुकवर आता शोधून बघा. खाली खाली सरकत बोट दुखतं. लॉगिन नसलेल्याला बहुतेक ठिकाणी दारातच अडवतात. मीडियम या लेखनसेवेचंही काहीसं तसंच. लिहायला सुखद, पण बरेच लेख वाचायला वाचकाला खातं किंवा वर्गणी लागते. सबस्टॅक ईमेलनं लेख पोचवायला चांगलं आहे, आणि ज्याला पत्रासारखं नियमित लिहायचं आहे त्यानं ते जरूर बघावं. या सगळ्या जागा चौकासारख्या आहेत. चौकात बोलावं, पण वही घरी ठेवावी.

पत्त्यात मराठी शीर्षकाचं काय होतं

हे कुणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून सांगते.

लेखाला नाव दिलं की साधन त्यावरून लेखाचा पत्ता तयार करतं. हे पत्ते मुळात रोमन अक्षरांसाठी घडलेले. देवनागरी चिन्हाचे तीन बाइट असतात आणि दुवा कॉपी केला की प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह व दोन रोमन अक्षरं-अंक अशा रूपात उलगडतो. एका चिन्हामागं नऊ. 'पाऊस' या शब्दात चार चिन्हं, म्हणजे व्हॉट्सॲपवर त्याची ३६ अक्षरांची जाळी. बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी व्हायरस पाठवलाय.

मामांच्या एका लेखाचं नाव आहे 'मुक्कामी गाडीतली शेवटची रात्र'. वर्डप्रेस पत्त्याच्या या भागाला २०० अक्षरांची जागा देतं. पहिल्या तीन शब्दांची २१ चिन्हं, गुणिले नऊ १८९, मधल्या दोन रिकाम्या जागा धरून १९१. 'रात्र'चा 'र' घ्यायला जावं तर २०० ओलांडतात. पत्त्यात उरतं 'मुक्कामी गाडीतली शेवटची' आणि रात्र बाहेर. ब्लॉगर तर देवनागरी सरळ टाकून देतं आणि 'ब्लॉग पोस्ट' अशा अर्थाचं रोमन नाव आपल्या मनानं लावतं, पुढच्या लेखांना त्यालाच आकडे जोडतं.

दोन्हीकडं उपाय एकच. लेख प्रसिद्ध करण्याआधी पत्ता हातानं, रोमन लिपीत, छोटा लिहा. ब्लॉगरमध्ये लेखाच्या बाजूच्या सेटिंगमध्ये 'पर्मालिंक' म्हणून जागा आहे. मामांच्या त्या लेखाला आम्ही रोमनमध्ये 'मुक्कामी-गाडी' एवढंच दिलं. लेखाचं शीर्षक अर्थातच पूर्ण मराठीत राहतं.

अक्षरांचीही एक गंमत आहे. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' हिंदी वळणापेक्षा वेगळा असतो. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, आणि पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद पानात असेल तरच मराठी वळण दिसतं. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी निवडली की ब्राउझरला तो इशारा मिळू शकतो, आणि गूगललाही कळतं की हा मजकूर हिंदी नाही. फॉन्ट मुद्दाम लावायचाच असेल तर मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' फुकट आहे आणि पडद्यावर स्वच्छ वाचता येतो. पण वाचकाच्या फोनमध्ये एक देवनागरी फॉन्ट असतोच. खेड्यातल्या कमजोर नेटवर्कवर वाचणाऱ्यासाठी तोच राहू दिला तर पान लवकर उघडतं.

विकणाऱ्यांच्या यादीतून काय खोडावं

मामांना आलेल्या कोटेशनमध्ये 'एसएसएल सर्टिफिकेट' वेगळं लावलं होतं. काही ब्राउझरांत पत्त्याशेजारी दिसणारं कुलूप ते हेच. वाचक आणि साइट यांच्यातली देवाणघेवाण त्यामुळं मधल्या कुणाला वाचता येत नाही. ते हवंच, पण लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा २०१५च्या अखेरीपासून ते सर्वांना फुकट देते आणि वर ज्या फुकट गाड्या सांगितल्या त्या सगळ्यांत ते वेगळे पैसे न देता मिळतं. साध्या ब्लॉगसाठी त्याचे वेगळे पैसे देऊ नका. 'एसइओ पॅकेज', म्हणजे गूगलच्या शोधात वर आणून देण्याचं आश्वासन, खोडा. 'प्रीमियम थीम', म्हणजे पैसे देऊन घ्यायचा पानाचा साचा, खोडा.

प्रतिक्रियांची खिडकी ठेवायची की नाही, हा स्वभावाचा प्रश्न आहे. मामांनी बंद ठेवली आणि खाली ईमेल दिलं.

"मी गेल्यावर याचं काय?"

हे मामांनीच विचारलं, अगदी सहज. आणि टिकण्याबद्दल बोलायचं तर हा प्रश्न टाळता येत नाही.

गूगलचं खातं दोन वर्षं वापरलं नाही तर ते काढून टाकण्याचा अधिकार गूगल राखून ठेवतं. पण त्याच खात्यात एक सोय आहे. इतके महिने हालचाल दिसली नाही तर अमुक माणसाला कळवा आणि हा डेटा त्याच्याकडं द्या, असं आधीच नोंदवून ठेवता येतं. मामांनी तिथं माझ्या मामेबहिणीचं नाव घातलं. शिवाय इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जाऊन लेखाचा पत्ता दिला की त्या पानाची एक प्रत तिथं जतन होते. फुकट आहे, मिनिटभराचं काम. नवा लेख चढवला की मी ते करते. बाकी फाइलींचं फोल्डर एका पेन ड्राइव्हवर, मामेबहिणीच्या घरी.

पाटीची मुदत, विक्रेत्याचं नाव आणि खातं कुठल्या ईमेलवर आहे, हे सगळं मामांनी आपल्या जुन्या डायरीच्या शेवटच्या पानावर लिहून काढलं, जिथं विम्याचे हप्ते आणि गॅसचा ग्राहक क्रमांक आहे. लिहून झाल्यावर मुलीला हाक मारली, "इकडं ये गं, हे पान कुठंय ते एकदा बघून ठेव." मग चष्मा पुसत माझ्याकडं वळले. कोंबडीवाल्या म्हातारीचा लेख तयार होता, त्याला डेपोतला एक जुना फोटो जोडायचा होता. तो ५ एमबीचा होता आणि आधी लहान करायला हवा, हे त्यांच्या लक्षात होतं.